पांढऱ्या शिवणीचे शर्ट

माझी थोरली आत्या तयार कपड्यांच्या कारखान्यात कातरण गोळा करायची. कापणीच्या टेबलांखाली रोज गुडघाभर चिंध्या साचत. त्या पोत्यात भरून बॉयलरमध्ये जाळायला द्यायच्या, एवढंच काम. पण तेच तिच्या जिवावर यायचं. ती सुती वेगळं, नायलॉन वेगळं, असे ढीग लावत बसे. बोटांना कळलं नाही तर धागा जाळून वास घेई. सगळे तिला चिंधीबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एकदम चार हजार शर्ट परत आले. बाह्यांचा निळा एक, अंगाचा निळा दुसरा! आपल्या नावाचा हा माल कुठेही दिसता कामा नये, असं मागवणाऱ्या कंपनीने बजावलं होतं. साहेब म्हणाले, "फाडा आणि जाळा."

आत्या तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, अडचण नावाचीच ना? लेबल उसवलं की उरला नुसता शर्ट."

"आणि दोन रंगांचा शर्ट घालणार कोण? तुमचे यजमान?"

"घालतील की! पण आधी गडद रंगात बुडवून काढू. शुद्ध सुती आहे. मी धागा जाळून बघितलाय."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी कंपनीला विचारलं. लेबल काढायच्या अटीवर होकार आला.

अकरा दिवस आत्या आणि चार बायका लेबलं उसवत होत्या. मग रंगाऱ्याने शर्ट गडद निळ्या रंगात उकळून काढले. वाळल्यावर पाहतात तो काय, शिवण पांढरीच! शिलाईचा दोरा सुती नव्हता, त्याने रंग धरलाच नव्हता. आत्याचा चेहरा पडला. "कापड तेवढं तपासलं गं मी, दोरा राहिला," ती घरी येऊन म्हणाली.

पण लोकांना वाटलं, नवी फॅशन आली. आठवडी बाजारात शर्ट हातोहात गेले. पुढली दोन वर्षं दूधवाला, आमचे गणिताचे सर, आत्याचे यजमान, सगळे पांढऱ्या शिवणीत. आत्या रस्त्याने जाताना कुणाचीही कॉलर सरळ करायची, जणू सगळी तिचीच लेकरं.

नंतर साहेबांनी तिला कातरणासाठी वेगळी खोली दिली. सुती चिंध्या पुन्हा सूत काढायला जाऊ लागल्या, जाड तुकडे गाद्यांत. तिथूनच ती निवृत्त झाली.

आत्या जाऊन सहा वर्षं झाली. जुना कपडा टाकायला काढला की अजून मी आधी त्याची बटणं कापून घेते. माझी मुलगी विचारते, "एवढ्या बटणांचं करणार काय?" मी रंगांप्रमाणे त्यांचे ढीग लावत बसते.