हवा भांडी धुवत नाही

आम्ही चार जुने लॅबवाले भेटलो की कुरामोचीसरांचे किस्से निघतातच. एक संपतो न संपतो तोच दुसऱ्याला पुढचा आठवतो. माणूस जपानी, केमिस्ट्रीतलं मोठं प्राइझ मिळालेला. एकोणीसशे नव्वदच्या आसपास दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्या एडिनबराच्या लॅबमध्ये यायचा. त्या महिन्याची आम्हाला धास्ती असायची.

*

धास्ती त्यांच्या नियमाची. कोणी नवी रिअॅक्शन जमली म्हणालं की सर ती स्वतःच्या हातांनी करून बघायचे. ज्याची रिअॅक्शन त्याने मागे उभं राहायचं, तोंड बंद. फसली तर सर एवढंच विचारायचे, "चूक कुणाची?" ज्याची चूक, त्याने त्या दिवशी सगळ्या लॅबची भांडी धुवायची.

*

पहिली विकेट आमच्या स्कॉटिश बॉसचीच पडली. "एडिनबराची हवाच दमट आहे," तो म्हणाला.

सर किंचित वाकून म्हणाले, "हवा भांडी धुवत नाही."

बॉस टाय खांद्यावर टाकून सिंकशी उभा! आम्ही हसू दाबलं. पुढचे नंबर आमचेच होते. माझाही लागला. काय फसलं ते विचारू नका.

*

एकदा पेपरचा फोटोग्राफर आला. त्याने फ्लास्कमध्ये निळी शाई कालवली आणि सरांच्या हातात दिली. "केमिस्ट वाटायला हवा ना," म्हणाला.

सरांनी फोटो काढू दिला. वर बजावलं, "खाली लिहा, म्हातारा शाई घेऊन उभा आहे."

फोटो काही छापून आला नाही.

*

आणि मृणाल. जन्म कॉव्हेंट्रीचा, आईबाप सोलापूरचे. पीएचडीचं शेवटचं वर्ष, आणि सगळा थिसिस एका रिअॅक्शनवर उभा. ती फक्त तिलाच जमायची. मी करून पाहिली होती, मलाही नव्हती जमली. बॉसने सांगून टाकलं होतं, सरांनाही जमली नाही तर विषय बंद.

"दादा, फेल झाला तर माझा पीएचडी गेला," ती सकाळी म्हणाली. "आईबाबाला काय सांगू मी?"

"तू नुसती गप्प उभी राहा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

सरांनी सुरुवात केली. त्या वर्षी ते फार थकलेले दिसत होते. वरच्या नळीतून एकेक थेंब सावकाश पडायला हवा होता. पण तोटी धरलेली बोटं कापत होती आणि मध्येच तीन-चार थेंब एकदम पडत होते. सगळ्यांना दिसत होतं. बोलायची छाती कुणाची नव्हती. मृणालने हात मागे घट्ट धरले होते.

पांढरे स्फटिक यायला हवे होते. फ्लास्कच्या तळाशी तपकिरी राळ जमली.

सर वळले. "चूक कुणाची?"

बॉस मृणालकडे बघत होता. सॉरी म्हण आणि मोकळी हो, मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"तुमची, सर," मृणाल म्हणाली. "थेंब घाईने पडले. तुमचा हात थरथरतो."

सरांनी आपला उजवा हात समोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून मृणालच्या हातात दिलं, बाह्या दुमडल्या आणि सिंककडे चालू लागले.