शिवणीत गेलेली जन्मतारीख

बाप्तिस्म्याची जुनी वही वाचायला डोळे नंतर लागतात, आधी बूड लागतं. पहिले दोन शनिवार तर चर्चच्या कपाटाच्या चावीतच गेले. चावी पाळकसाहेबांकडं, आणि पाळकसाहेब वैजापूरकडं लग्न लावायला. साठी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरतात. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून रिक्षानं जायचं आणि हात हलवत परत यायचं. वैताग नुसता!

सोडून दिलं असतं, पण आत्याला शब्द दिला होता. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सावत्र बहीण. ऐंशीच्या पुढची, फुलंब्रीला लेकाकडं राहते. ती तान्ही असताना तिची आई गेली. आजोबांनी दुसऱ्या गावची बायको केली, ती माझी आजी. पुढं आजोबाही लवकर गेले. मागं राहिला आत्याचा एकच तारीख असलेला बाप्तिस्म्याचा दाखला, आणि त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिलेली पहिल्या बायकोच्या मरणाची तारीख. दोन्हींत दोनच दिवसांचं अंतर. आजीनं त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. मग घरात भांडं पडो की दूध नासो, आत्याला एकच ऐकवायची, "जन्मली तशी आईला खाल्लंस!" आत्या माहेरी आली की मीही ते लहानपणी ऐकलंय. आजी माझे लाड करायची, म्हणून कधी तोंड उघडलं नाही. त्याची लाज आता वाटते.

यंदा मोठ्या आजारातून उठल्यावर आत्या म्हणाली, "पोरी, तू शिकली-सवरलेली. चर्चच्या वहीत एकदा बघ ना, खरंच माझ्यापायी गेली का ती."

आमच्या गावचं चर्च कधीच बंद पडलं. त्याच्या वह्या इथं शहरात आणून ठेवल्यात. तिसऱ्या शनिवारी कपाट उघडलं. धूळ, वाळवी, आणि पुसट शाईतलं बारीक अक्षर. दोन तास पानं उलटली तेव्हा आत्याचं नाव सापडलं. पहिल्याच रकान्यात तारीख होती, डिसेंबरातली, दाखल्यावर होती तीच. माझा धीरच सुटला. आता हे त्या म्हातारीला कुठल्या तोंडानं सांगू?

वही मिटणार, तेवढ्यात खालच्या ओळीकडं लक्ष गेलं. तिथंही तीच तारीख. त्याच्याखाली तीच. पुढच्या पानावरही तीच. अख्खं गाव एका दिवशी बाळंत झालं होतं की काय?

कार्यालयातले म्हातारे शिपाई हसले. "मॅडम, तवा गावोगाव पाळक कुठं होते? वर्षातून एकदा, पाऊस सरला की मिशनचे साहेब छकड्यातून यायचे. तंबू ठोकायचे. वर्षभरात झालेली लेकरं एकदम उरकायची."

अगं बाई! म्हणजे ती तारीख बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडल्याची. जन्माची नव्हेच. मी शाळेत तीस वर्षं काढली. असल्या दाखल्यांवरून किती पोरांच्या जन्मतारखा मी रजिस्टरात चढवल्या असतील, देव जाणे. दाखल्यावर एक तारीख दिसली की तीच लिहायची, कोण विचारतंय?

पण मग जन्माचा रकाना कुठंय? वही कुणीतरी पुन्हा शिवून घेतली होती, आणि शिवताना तो रकानाच टाक्यांत दाबला गेला होता. शिपायांनी पान पट्टीनं दाबून धरलं. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. महिना दिसला. फेब्रुवारी. साल तेच.

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं होतं, तरी फुलंब्रीची बस पकडली. आत्या ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी पाणीसुद्धा न पिता सांगितलं, "आत्या, तुझी आई बाळंतपणात नाही गेली. दहा महिने तिनं सांभाळलं तुला. तुझा बाप्तिस्मा झाला आणि मग दोन दिवसांनी गेली. कशानं, ते वहीत नाही. पण तुझ्यापायी नाही."

"दहा महिने?"

"हो."

"म्हणजे दात आले असतील मला. बसत असंन मी." मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. "दूध पाजलं असंन तिनं."

"पाजलंच असणार. आत्या, आजीच्या वतीनं मी माफी मागते."

"तू कशाला मागती? तिला तरी काय ठाऊक. पण आज जिती असती ना, तर भांडले असते. लई भांडले असते."

मला वाटलं, आता हिच्या मनावरचं ओझं उतरलं. मीही जरा टेकले. तर तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आजीच्या बोलण्यानं मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"दहा महिन्यांचं लेकरू आईला वळखतं गं," ती म्हणाली. "मग मला ती का आठवत नाय?"