कादंबरीत नसलेला भाऊ

आमच्या खाडीकाठी, पूर्व आइसलँडात, अनोळखी माणसाला आधी 'तू कुणाचा?' विचारतात आणि त्याचं पणज्यापर्यंतचं कूळ कळल्यावरच कॉफी ओततात. अशा गावात मासळीच्या कारखान्यात कामाला असलेल्या स्टेनवर नावाच्या बाईनं आपल्या घरावर कादंबरी लिहिली आणि सख्ख्या भावाला त्यातून वगळलं. हुशार माणसं चांगल्या मनानं चुकतात, त्याचा मला जास्त राग येतो.

तिचा धाकटा भाऊ ह्योर्लेफुर मेंढ्या पाळायचा. तरुणपणी एका सकाळी तो पिऊन पडला होता, म्हणून वडील एकटेच होडी घेऊन गेले आणि बुडाले. गावाला सगळं ठाऊक होतं. त्याची लाज झाकावी म्हणून स्टेनवरनं कादंबरीतल्या घराला मुलगाच ठेवला नाही.

नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे पुस्तकं भेट देतात आणि अंथरुणात लोळत वाचून काढतात. तिनं त्याला आपली हीच कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जेवणाला आम्ही शेजारीही होतो. तो दारातच उभा राहिला.

"मी कुठंय यात?"

"तुला कशाला ओढू? लोकांची तोंडं माहीत नाहीत का तुला?"

"लोकांना माहीतच आहे सगळं. दारुडा लिहायचंस, बापाला बुडवलं लिहायचंस. घरात तरी असतो."

"कादंबरी आहे रे ती."

"आई खरी, बाप खरा, कुत्रासुद्धा खरा. कुत्र्याला जागा मिळाली, होय?"

ताटाला न शिवता तो गेला.

त्यानंतर ती माझ्या दुकानात असली, की ती जाईपर्यंत हा बाहेर बर्फात उभा राहायचा. मी दोघांनाही फैलावर घेतलं. तो नुसता खांदे उडवायचा. ती म्हणायची, "दुसरं लिहितेय. सबंध पुस्तकात तोच आहे. पुरं झालं की नेऊन देते."

"पुस्तक कसलं नेतेस? मटणाचा रस्सा ने आणि चूक झाली म्हण."

"नीट लिहून तर होऊ दे."

वर्षं गेली, लिहून काही होईना. मग एका वसंतात, मेंढ्या वीत असताना, ह्योर्लेफुर गोठ्यातच वारला.

माणूस गेला की आमच्याकडे घरचे वर्तमानपत्रात त्याच्यावर लिहितात, आणि पुष्कळदा त्यालाच 'तू' म्हणून लिहितात. स्टेनवरनं पानभर लिहिलं. ती सकाळ, दारू, नंतर कधी थेंबाला न शिवणं, आईला शेवटपर्यंत सांभाळणं, सगळं त्यात होतं. तिनं इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. दफनाच्या दिवशी माणसं माझ्या दुकानात उभ्या उभ्या वाचून डोळे पुसत होती. मलाही रडू आलं, आणि तिचा संतापही आला.

लेखाची सुरुवात होती, 'माझ्या भावा'. एवढं तिला तोंडानं म्हणता आलं असतं. त्याचं घर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.