तोफक्का आणि दुसरी तबकडी

"सोड! सोड म्हणते ना ती तबकडी! पातेल्यात घालायचीच असेल तर आधी माझा हात घाल!"

हा आवाज स्वयंपाकघरातून सुटला तेव्हा मी त्या घराच्या फाटकाशी होतो. खोटं सांगत नाही, फाटकावरचा कावळा उडाला नाही, पडला. पलीकडच्या टेकडीवर देवळातला दगडी बसवण्णा, म्हणजे नंदी, इतकी शतकं मांडी घालून बसलाय. तोसुद्धा त्या दिवशी शेपूट सावरून बसला असणार. मी चपला तशाच टाकून आत धावलो. चुलीवर उकळत्या पाण्याचं पातेलं. पातेल्यावर काळी तबकडी धरून दत्तूअण्णाची बायको, म्हणजे आमची वैनी, उभी. आणि तिच्या मनगटाला दोन्ही हातांनी लटकलेली तोफक्का.

आता ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याची तबकडी जुनी झाली, चरा पडला, किंवा घरात कुणाच्या मनातून उतरली, की बायका ती गरम पाण्यात बुडवत. मऊ पडली की पालथ्या भांड्यावर दाबायची, कडेला बोटांनी चुण्या पाडायच्या, झाली वाटी. फुलं ठेवा, सुपारी ठेवा. वैनीनं तशा दोन केल्या होत्या.

"पण अक्का, तुमचेच लोक दर रविवारी म्हणतात ना ही बेकार आहे म्हणून!" वैनी रडकुंडीला आली होती.

"म्हणू देत! त्यांना कान आहेत, अक्कल नाही!"

खरं नाव सुमती. तोफक्का हे नाव आम्ही ठेवलं आणि तिनं ते पदवीसारखं मिरवलं. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ दत्तू, त्याची बायको आणि दोन पोरं तिच्या पगारावर बसवनगुडीतल्या त्या घरात राहत. दत्तूअण्णाचा चिकपेटेत रेशमाच्या दलालीचा धंदा होता, म्हणजे तो रोज कोट घालून चिकपेटेत जाऊन येत असे. मीही तिथेच एका कापडाच्या पेढीवर होतो, म्हणून मला ठाऊक. दलालीपेक्षा कॉफी जास्त व्हायची.

ऑफिसात ही बाई म्हणे 'नंबर प्लीज' असं बोलायची की ऐकणारा नंबर विसरायचा. घरी मात्र तिनं वैनीला मीठ मागितलं की तिकडे लांब बनशंकरीच्या देवळात लोक उठून उभे राहत. कारण विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं. "दिवसभर हळू बोलून आवाज साचतो रे. तो घरी आणून रिकामा करते. स्वल्प सहन करा."

आम्ही सहन करत होतो, कारण तिच्या घरी रेडिओग्राम होता. रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकाच पेटीत, शिसवी कपाटाएवढा. तिनंच घेतलेला. आणि तिच्याकडे मांजरी होत्या.

मांजरी म्हणजे चार विलायती पोरींचा बँड. नाव लांबलचक होतं, आमच्या जिभांना झेपेना. तबकडीच्या वेष्टनावर चौघी काजळ फासून अशा बघत होत्या की मांजरीच म्हणायला हव्यात. गिटार वाजवणारी पोरगी, ढोल बडवणारी पोरगी, एकही बाप्या नाही! तोफक्कानं ती तबकडी कँटोन्मेंटातल्या एका दुकानातून आणली, आणि दर रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा कारकून, दुकानदार, मास्तर सत्यनारायणाला बसावं तसे तिच्या बैठकीत बसू लागलो. पहिली तबकडी आम्हाला पाठ होती. त्यातली म्होरकी पोरगी अशी किंचाळत गायची की पेल्यातल्या कॉफीवर सुरकुत्या पडत.

मग आली दुसरी. म्होरकी पोरगी बँड सोडून गेली होती. उरलेल्या तिघींनी जे वाजवलं ते गोणपाटात गुंडाळल्यासारखं. गाणं कुठंतरी खाली पुरलेलं, वर नुसता ढोल आणि जाड तारांची घुमघुम. आम्ही माना टाकल्या. तोफक्का मात्र दर रविवारी तीच लावायची.

तिचा खरा वैरी शामराव. बेळगावकडचा, बँकेत कारकून, जिभेला धार. "अक्का, ही तबकडी न्हवं, पिठाची गिरणी हाय बघा."

"गिरणीचंच पीठ खातोस ना रे? का बेळगावात नुसते दाणे चघळता?"

"पण गाणं कुठंय की ह्यात?"

"पहिलीला नुसतं डोकं आहे, शाम्या. दुसरीला पाय आहेत. ही जमिनीतून येते."

असं म्हणून ती अनवाणी पावलं त्या लाल गुळगुळीत जमिनीवर घट्ट रोवायची आणि तळवा रेडिओग्रामच्या लाकडावर ठेवून डोळे मिटायची. आम्ही म्हणायचो, बाई त्या पेटीला आशीर्वाद देते. भांडण पेटलं की तिचा दुसरा हुकूम निघे. "एकेकानं बोला! लाइन एकच आहे! आणि माझ्याकडे तोंड करून भांडा!" आम्ही पोट धरून हसायचो. काय ती ऑपरेटरणीची ऐट! सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं तिनं, आणि आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही.

वाटीचा तो गोंधळ झाला त्याच्या पुढच्या रविवारी शामरावनं पैज लावली. "अक्का, तुम्हाला दुसरी आवडते कारण पहिली तुम्ही नीट ऐकलीच न्हाई. डोळे मिटा. मी एक गाणं लावतो, कंचं ते ओळखा. ओळखलंत तर जन्मात गिरणी म्हणणार न्हाई."

तोफक्कानं हात पेटीकडे नेला. शामरावनं तो हसत बाजूला केला. "देवाला शिवायचं न्हाई. आणि पाय वर घ्या बघू, जमिनीतून चिठ्ठी येती तुम्हाला." सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. वेताच्या खुर्चीत मांडी घालून तिनं डोळे मिटले.

शामरावनं पहिली तबकडी लावली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. इथं मी काही वाढवून सांगत नाही, वाढवायची गरजच नाही. म्होरक्या पोरीची ती किंकाळी सुटली, खिडकीची तावदानं झिणझिणली, शेजारचं तान्हं रडायला लागलं. तोफक्का शांत. ओठांवर परीक्षेला बसलेल्या पोरीचं हसू. गाणं अर्ध्यावर गेलं.

मग ती म्हणाली, "लाव की रे शाम्या. किती वेळ?"

दारात दत्तूअण्णा कॉफीचे पेले घेऊन उभा होता. ती बहुधा गाण्याची वाट बघून कंटाळली, डोळे उघडले, आणि फिरणारी तबकडी बघितली. मग एकेकाचा चेहरा बघितला. शामरावचा शेवटी.

"कानावर चढवायचं ते यंत्र असतं ऑफिसात," ती म्हणाली. त्या घरात तिचा इतका हलका आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "त्यातून निभतं अजून. शेजारची पोरगी सांभाळून घेते. बाहेर कुणी बोलू नका. नोकरी जाईल."

आम्ही सगळ्यांनी बसवण्णाची शपथ घेतली. दत्तूअण्णानंही घेतली, हातात पेले तसेच धरून.

आणि आम्ही शपथ पाळली. हे बारा तोंडांचं गाव. पण एकही तोंड उघडलं नाही. मोडली ती दत्तूअण्णानं, तीही मोडायच्या इराद्यानं नव्हे. बिचाऱ्याची झोप उडाली. आज ना उद्या कळणार, मग पोरांचं काय? कुणीसं सांगितलं होतं की सरकारी नोकरीत दुखणं आलं तर ऑफिस काहीतरी देतं. विचारायला काय हरकत? त्यानं इस्त्रीचा कोट चढवला, तिच्या ऑफिसात गेला आणि साहेबांना हात जोडून म्हणाला, "समजा, एखाद्या ऑपरेटर बाईला ऐकू येईनासं झालं, तर काय सोय असते?"

साहेबांनी विचारलं, "कुठल्या बाईला?"

दत्तूअण्णा चिकपेटेत इतकी वर्षं दलाली करून एकदाही खोटं बोलायला शिकला नव्हता.

तिच्या कानांची तपासणी झाली. ती डबा घेऊन घरी आली ती कायमची. भावाला बोल लावला नाही. मला एवढंच म्हणाली, "दत्तूनं माझ्यासाठीच फोन फिरवला रे. लाइन चुकीच्या घरी लागली."

त्यानंतर तोफ उडाली नाही. आपण कशामुळे ओरडतो ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, याची तिला लाज वाटू लागली. ती इतकं हळू बोले की आम्हालाच कान पुढं करावा लागे. तिला आमचं ऐकू येत नव्हतं, आम्हाला तिचं. काही महिन्यांत घरचं भागेना म्हणून रेडिओग्राम गेला. चिकपेटेतल्या एका रेशीमवाल्यानं नेला; हमालांनी उचलला तेव्हा ती परसात तुळशीपाशी पाठ करून उभी होती. पहिली तबकडीही त्याच्याबरोबर गेली. दुसरी त्या व्यापाऱ्यानं ऐकून परत पाठवली. ती तिनं उशीच्या अभ्र्यात घालून उशाशी ठेवली.

मग एका रविवारी फाटकात सायकलची घंटा वाजली. शामराव. कॅरिअरला सुतळीनं बांधलेला छोटा प्लेअर, कुणाकडून तरी मागून आणलेला. आत आला, पाटावर प्लेअर मांडला, तिच्यासमोर बसून तोंड नीट दाखवत म्हणाला, "अक्का, गिरणी चालू करू?"

तिनं अभ्र्यातून तबकडी काढून दिली. दोन्ही तळवे प्लेअरच्या कडांवर ठेवले. दोन्ही बाजू संपेपर्यंत शामराव मान खाली घालून बसला होता. नंतर दर महिन्याला यायचा. एकदा त्यानंही हात लाकडावर ठेवून पाहिला, आणि बराच वेळ काढला नाही. "बरोबर हाय, अक्का," म्हणाला. "पाय हायेत हिला." तिनं त्याच्या ओठांवरून ते वाचलं आणि जुन्या दिवसांसारखी अशी काही हसली की वैनी स्वयंपाकघरातून धावत आली.

मग त्याची धारवाडला बदली झाली. प्लेअर ज्याचा होता त्याच्याकडे गेला.

तोफक्का डिसेंबरच्या थंडीत गेली. ताप साधाच होता म्हणे. पण कुणाला हाक मारून उठवायची तिची सवय सुटली होती.

संक्रांतीच्या सुमाराला मी त्या घरी गेलो. शामरावचं धारवाडहून पत्र आलं होतं, 'ती दुसरी तबकडी मला हवी, जे मागतील ते देतो.' दत्तूअण्णानं मला बसवलं, वैनीनं चिवडा आणून ठेवला. बैठकीत रेडिओग्रामच्या जागी पोरांची पुस्तकं होती. मी इकडचं तिकडचं बोललो, चिवड्याचे चार घास खाल्ले आणि विचारलं, "अण्णा, अक्काची ती तबकडी कुठं आहे?"

दत्तूअण्णानं माझ्या हातातल्या काळ्या, चुण्यांच्या वाटीकडे बघितलं.

"हीच. तळाला भोक होतं, कागद लावलाय. घ्या, चिवडा घ्या."