कोरडी राख

कसबा पेठेत हमीदभाईंचं कल्हईचं दुकान. कुणी गळकं पातेलं आणलं, की ते त्यात पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवत आणि गिऱ्हाइकाला चहा पाजत. "भांडं लगेच बोलत नाही," म्हणत. चहा संपेपर्यंत राखेत ओला ठिपका उठायचा. तोवर भांड्याला हत्यार लावायचं नाही. झिजलेल्या पत्र्याला टोचलं की भोक मोठंच होतं, हा त्यांचा नियम.

बायकोच्या बाबतीतही त्यांनी हाच नियम लावला.

दिवाळीच्या सुमारास मदिनाबींच्या छातीत गाठ हाताला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुईनं तुकडा काढून तपासू. हमीदभाई उठलेच. "टोचलं की अंगभर पसरेल. चला घरी." मदिनाबी निमूट चालू लागल्या. नवऱ्याचा अंदाज चुकलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. उन्हाळ्यापर्यंत गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा लेक माहेनूर आईला रिक्षात बसवून तपासणीला घेऊन गेली. वडिलांना तिनं विचारलंही नाही.

आज ऑपरेशन होतं. बापलेक बाहेरच्या बाकावर बसले होते. फुप्फुसं, यकृत, हाडं स्कॅनमध्ये स्वच्छ दिसली होती. प्रश्न काखेचा होता.

"अब्बा, कॅन्सरच्या पेशी गाठीतून आपणहून सुटतात," माहेनूर म्हणाली. "सुईची वाट बघत नाहीत. रक्तातून जातात, नाहीतर रक्तवाहिन्यांसारख्याच दुसऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांतून. त्या नळ्या आधी काखेत सगळ्यांनाच असतात त्या छोट्या गाठींत येतात. पेशी तिथं अडकतात, वाढतात, मग पुढे सरकतात. आता छातीत निळा रंग टोचलाय. काखेतल्या ज्या गाठी आधी निळ्या होतील, त्या काढून लगेच तपासणार."

"म्हणजे राखेवर ठेवलंय."

"हो."

"आणि ठिपका उठला तर?"

"बाकीच्या गाठीही काढतील. औषधं जड होतील."

"माझ्यामुळे."

माहेनूर नाही म्हणाली असती तर बरं, असं हमीदभाईंना वाटलं. ती उठून चहा घेऊन आली. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप बाकावर ठेवून दिला.

"संपवा ना, गार होतोय."

"राहू दे."

दार उघडलं. डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "दोन गाठी निळ्या झाल्या. पहिलीत पेशी सापडल्या, दुसरी स्वच्छ आहे. बाकीच्याही काढून घेते."

"पुढे गेला नसेल ना कॅन्सर?" हमीदभाईंनी विचारलं.

"स्कॅनला दिसत नाही. न दिसण्याइतकं बारीक काही असेल, तर त्यासाठीच औषधं." त्या वळता वळता थांबल्या. "आणि हमीदभाई, सुईनं पसरत नाही हो. आपण थांबलात, तेवढी त्याला सवड मिळाली."

संध्याकाळी मदिनाबींनी डोळे उघडले. "काय निघालं?"

माहेनूरनं वडिलांकडे पाहिलं. भांडं कुठं गळतं हे गिऱ्हाइकाला नेहमी हमीदभाईच सांगत.

"काखेतल्या एका गाठीत आलाय," हमीदभाई म्हणाले. "मी अडवलं तुला."

मदिनाबींनी मान त्यांच्याकडे वळवली. "अडवलंत खरं. पण घरी चालत आले ते माझ्याच पायांनी." मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत विचारलं, "आता सुया किती?"

"पुष्कळ."

"मग तुम्ही बाहेर बसत जा. तुम्हाला बघवायचं नाही."

हमीदभाईंनी स्टूल पलंगाला टेकवलं. "इथंच बसेन," ते म्हणाले.