नकाशाच्या तीन प्रती

कॉम्प्युटरवरच्या सामायिक फोल्डरांची व्यवस्था आमच्या बांधकाम कार्यालयात साहेबांनी स्वतः लावली होती. प्रत्येक नकाशा तीन ठिकाणी ठेवायचा, हा त्यांचा हुकूम. त्यातली ताजी प्रत कोणती, हे मात्र कुठंच कळत नसे. मी विचारलं, तर म्हणाले, "तिन्ही सुरक्षित आहेत ना? मग झालं."

एका गावच्या मुलींच्या शाळेच्या नकाशात आम्ही मागाहून स्वच्छतागृह वाढवलं. ते एकाच प्रतीत आलं आणि ठेकेदाराला गेली दुसरी. इमारत उभी राहिल्यावर मुख्याध्यापिका कार्यालयात आल्या. शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मुलींनी जायचं कुठं?"

साहेबांनी त्यांना 'बसा' असंही म्हटलं नाही. तिन्ही फोल्डर उघडून दाखवले. "बघा बाई, आमच्याकडून काहीही हरवलेलं नाही."

मला त्या माणसाची किळस आली. साठवण्यालाच सांभाळणं समजणारी माणसं अशीच निर्लज्ज होत जातात. वस्तू जपतात आणि ती कुणासाठी होती, हे त्यांच्या गावीही नसतं.

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना मधल्या सुट्टीच्या आत परतायचं होतं. त्या सुट्टीत मोठ्या मुलींना त्या शाळेशेजारच्या घरी घेऊन जात असत.