माळावरची खरखर
काल एस.टी.त शेजारच्यानं वेफर्सचा पुडा चुरगाळला आणि मला माकणीच्या धरणाजवळचं आमचं शेत आठवलं. धरणाकाठी मोटर, मधे उंच माळ आणि माळाअलीकडं खोलगटात माझी वांग्याची कोवळी रोपं. तिथं मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मी मोठ्या ऐटीत तीन वॉकीटॉकी आणले. मोटरीवर थोरले काका, माळावर पाइपलाइनच्या कॉकपाशी धाकटा चुलतभाऊ. मी बोलायचं आणि त्यानं ते काकांना पुढं सांगायचं. माळावरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या, म्हणून आवाजात खरखर कशी शिरते यावर मी त्याला व्याख्यानही दिलं. एका दुपारी उन्हात रोपं माना टाकायला लागली. मी ओरडतोय, "अरे, मोटर चालू करा म्हणावं!" आणि वरून उत्तर येतंय, "दादा, लई खरखर हाय! काका म्हणत्यात, लाईटच न्हाय!" मी कडुलिंबावर चढून एरियलला तार बांधली, शर्ट फाडून घेतला आणि शेवटी चिडून माळ चढलो. भाऊ बाभळीखाली बसून वॉकीटॉकीला लावून वेफर्सचा पुडा चुरगाळत म्हणत होता, "दादा, काय बी ऐकू येईना!" कॉक त्याच्या कांद्याकडं वळवलेला आणि पाणी झुळझुळ चाललेलं. मी मागूनच विचारलं, "आता येतंय का?" त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, "व्हय दादा, आता एकदम क्लिअर." रोपं गेली ती गेलीच. भावानं गंडवलं हे एकवेळ गिळलं असतं, पण खरखरीची ती विद्या मीच त्याला शिकवली होती. आता शेतात फोनला चांगली रेंज असते. तरी त्याचा आवाज तुटायला लागला की मी आधी विचारतो, "काय खातोयस रे?"